बसंतीबाईचा राहिलेला नारळ

ढाणकीहून आत वळलं की टेकाडाच्या पोटाशी एक तांडा लागतो, आणि त्या तांड्यात बसंतीबाई राठोड राहते. राहते कसली, गाजते! तिच्याशी भांडायला जाणारा माणूस घरून जेवून निघतो, कारण परत कधी सुटेल त्याचा भरवसा नाही. सुना-नाती साड्या आणि ड्रेसवर आल्या, पण बसंतीबाईच्या अंगावर अजून जुना घेरदार फेटिया, आरशांनी मढवलेली कांचळी आणि कोपरापर्यंत बांगड्या. आणि गळ्यात चांदीच्या हारावर लटकलेली एक काळी दुर्बीण. आता बोला.

दुर्बिणीची गोष्ट साधी आहे. पैनगंगेच्या जंगलात पक्षी मोजायला शहरातली पोरं आली होती, तेव्हा त्यांच्या भाकरी थापायला बसंतीबाई गेली. लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलण्यात तिचे दिवस गेलेले, त्यामुळे पाखरू म्हणजे दाणे खाणारा चोर एवढीच तिची समजूत. पण पोरांनी दुर्बीण डोळ्याला लावून दिली आणि बाई जागची हलेना. तव्यावरची भाकरी करपली. शेवटी जाताना पोरांनी एक जुनी दुर्बीण तिलाच देऊन टाकली. तेव्हापासून म्हशी चारायला गेली तरी दुर्बीण, कापूस वेचायला गेली तरी दुर्बीण. तांड्यानं आधी हसून घेतलं, मग सवय करून घेतली.

पण त्या पोरांना बसंतीबाईनं एक गोष्ट विचारली होती, ती तांड्याला माहीत नव्हती.

तिचं लग्न नवं असताना नवरा भावसिंग आणि ती कोकणात रस्त्याच्या कामावर गेले होते. खाडीच्या काठी पालं पडलेली. डोक्यावर खडीची पाटी, पाठीला बांधलेलं तान्हं पोर, प्रेम. एका दुपारी ओहोटीच्या वाळूवर तिला एक पाखरू दिसलं. पांढरं स्वच्छ, पाठीवर काळा पट्टा, पाय हे लांब काटकुळे, चोच जाडजूड. त्यानं खेकडा धरला, आपटून आपटून त्याच्या नांग्या काढल्या, आणि मागं उभ्या असलेल्या आपल्या पोराच्या चोचीत घातला. पोर केवढं? आईएवढं! पंख फुटलेलं, समुद्र ओलांडून आलेलं, आणि तरी कुईकुई करत आईच्या मागं मागं. बसंतीबाईला हसू आलं, मग का कोण जाणे, रडू आलं. तेवढ्यात वरून भावसिंग ओरडला, "ओ, काय पाहून राह्यली? पाट्या कोन उचलीन, तुया बाप?" मुकादम बघत होता, बिचारा भावसिंग तरी काय करणार. ती उठली. परत वळून पाहिलं तर वाळू रिकामी.

ते अर्धवट पाहणं तिच्या डोळ्यात तसंच अडकून राहिलं. माणसाचं काय अडकून राहील याला काही नेम नाही.

पोरांनी पुस्तक काढलं, पानं उलटली, आणि बसंतीबाईनं एका चित्रावर बोट आपटलं. हेच! पोरं म्हणाली, आजी, हा खेकडेखाऊ, आपल्या किनाऱ्यावर फार थोडे येतात, आम्हीही अजून पाहिला नाही. झालं. बसंतीबाईनं घरी येऊन सांगितलं, मले समुद्रावर जायचं आहे. भावसिंग इतका हसला की त्याला ठसका लागला. "समुद्रात काय ठेवलं तुयं? घरची म्हैस पाह्य ना, ते बी पान्यातच डुंबते."

बसंतीबाईनं पुन्हा विचारलं नाही. थंडी पडली तशी ती म्हणाली, "मी गडावर जाऊन येतो."

गड म्हणजे पोहरागड, संत सेवाभायाचं ठाणं. बंजाऱ्याच्या घरात त्याला नाही म्हणणारा अजून जन्मायचा आहे. सगळा तांडा रामनवमीला ट्रॅक्टर भरभरून जातो. ही म्हणाली, गर्दीत माझं मन लागत नाही, मी आपली हिवाळ्यात एकटी जाईन. कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. उलट निघायच्या आदल्या दिवशी रुपीबाई पदराखाली नारळ घेऊन आली. "तू चाललीच आहे गडावर, तं माया बी एक वाहून दे." तिच्या मागं दुसरी आली. मग खुद्द धावजी, तांड्याचा नायक, इकडंतिकडं बघत एक नारळ ठेवून गेला आणि कानात काहीतरी पुटपुटला. बसंतीबाईची थैली भरली. नाही कशी म्हणणार? नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

गड एका दिशेला, समुद्र दुसऱ्या. बाई नांदेडहून रेल्वेत बसली ती नारळांसकट, आणि मग दर हिवाळ्यात बसत गेली. खाडीच्या गावात तिला कोकिळा भेटली, मासे विकणारी, तोंडानं हिच्याइतकीच फटकळ. दोघींचं पहिल्या दिवशी भांडण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून बसंतीबाई तिच्याच घरी उतरू लागली. तूरडाळ घेऊन जायची, खोबऱ्याच्या वड्या घेऊन यायची. त्याच वड्या तांड्यात गडाचा प्रसाद म्हणून वाटल्या जायच्या, आणि लोक बोटं चाटत म्हणायचे, यंदा प्रसाद लई गोड हाय बा.

आणि नारळ? ते तिनं खाल्ले नाहीत, विकले नाहीत, रेल्वेत विसरले नाहीत. ती गुडघाभर पाण्यात उतरायची आणि एकेक नारळ हातात घेऊन, ज्याचं त्याचं नाव घेऊन, त्याचं मागणं जसंच्या तसं मोठ्यानं सांगून, समुद्राला द्यायची. सगळ्यात शेवटी स्वतःचा. त्याचं मागणं दर वर्षी एकच. तिनं त्या किनाऱ्यावर कालवं फोडणारी लाल चोचीची पाखरं पाहिली, लाटेच्या पुढं पळणारी इवली इवली पाखरं पाहिली, आकाश भरून जावं एवढे कुरव पाहिले. फक्त ते एक आलं नाही.

आता यंदाचं ऐका. कापसाचा शेवटचा वेचा चालू होता आणि कोकिळाचा फोन आला. "मावशे, तुझी ती पाखरं आली गो! जोडी आहे, मागं पिल्लू पण आहे. लवकर ये, ती काय तुझ्यासाठी थांबायची नाहीत." बसंतीबाईच्या हातातलं बोंड खाली पडलं. तिनं त्याच दिवशी थैली काढली.

आणि त्याच दिवशी बोंबाबोंब झाली. मागच्या वर्षी कोकिळाच्या पोरीनं गंमत म्हणून एक व्हिडिओ काढला होता. तो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत फिरत, कोकणात रस्त्याच्या कामाला गेलेल्या तांड्यातल्याच कोणा पोराला सापडला, आणि त्या दिवट्यानं तो तांड्याच्या ग्रुपवर टाकला. व्हिडिओत काय? लखलखत्या आरशांची बसंतीबाई समुद्रात उभी, आणि तोंडानं खणखणीत आवाजात: "हा नारळ रुपीबाईचा, तिच्या सुनेचं पोट पिकू दे, लेकरू दे. हा प्रेमच्या बापाचा, म्हशीले पारडी होऊ दे. हा धावजी नायकाचा, त्याची मूळव्याध बरी कर बापा, बसता येत नाही बिचाऱ्याले!"

दुपारपर्यंत तांड्यातल्या शेळ्यांनासुद्धा धावजीची मूळव्याध माहीत झाली.

संध्याकाळ व्हायच्या आत नायकाच्या अंगणात नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. बाज टाकून धावजी मध्ये, बाकीचे गोल. भावसिंग खाली मान घालून कोपऱ्यात. त्याचा चेहरा असा की जमीन फाटली तर पहिली उडी त्याचीच. प्रेम आईच्या कानाशी लागला, "याडी, माफी माग अन् मोकळी हो. कायले वाढवतं?"  त्याची बायको वर्षा मात्र सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली, एवढंच.

"बसंती," धावजीनं घसा साफ केला, "सेवाभायाच्या नावाचे नारळ तू समुद्रात फेकले. तांड्याले फसवलं. बाईमाणूस एकटी तिकडं पाखरं पाहत फिरते, अन् आमाले म्हनते गडावर गेलती. बोल, काय म्हननं हाय?"

"खोटं बोलली," बसंतीबाई म्हणाली. "ते माया तोंडानं कबूल. दंड सांगा, भरतो. पन फेकले म्हनू नका. दिले. एकेकाचं नाव घेऊन दिले. तुमी सगळ्यायनं ऐकलंच हाय."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. धावजी बाजेवर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सरकला.

"समुद्र आपला हाय का?" तो चिडून म्हणाला. "आपल्याले काय करायचं समुद्राशी?"

मग बसंतीबाई जी भडकली! "काय करायचं? आपले आजे-पणजे बैलायच्या पाठीवर काय लादून आनत होते, नायक? मीठ! कुठून आनत होते, तुमच्या विहिरीतून? समुद्रावरूनच ना! तवा बाया नव्हत्या का संगं? लेकरं कमरेले बांधून तिथपर्यंत चालत गेल्या त्या. त्यायले कोनी म्हनलं का, कायले चालल्या तिकडं? अन् मी रेल्वेत बसून गेली तं तुमचं नाक कापलं? सेवाभाया बैल घेऊन देशभर फिरला. तो एका जागी बसला असता तं तुमच्यासारखाच झाला असता!"

"याडी!" प्रेम कळवळला.

"तू गप रे. चाळीशीले टेकला अन् अजून टॉवेल मी देतो हातात."

धावजीला तोंड उघडू न देता ती गोलाकडं वळली. "असं करा. ज्याचं मागनं पुरं झालं नाही, त्यानं हात वर करा. त्याचा नारळ मी पायी गडावर नेऊन देतो, अनवानी. करा वर!"

 रुपीबाईच्या मांडीवर तिचा तान्हा नातू पहुडलेला, गुबगुबीत, नाकातून शेंबूड गळणारा. हात वर करायचा तर आधी त्याला खाली ठेवावं लागलं असतं. ती नातवाचं नाक पुसत बसली. लोक धावजीकडं बघू लागले. धावजी बाजेवर चांगला ऐसपैस बसला होता, बराच वेळ बसला होता, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक हात वर आला. भावसिंगचा.

"पारडी मागितली, मले नर रेडकू झालं," तो म्हणाला.

तांडा असा काही हसला की झाडावरचे बगळे उडाले. "म्हशीले झालं म्हन ना बाबा!" कोणीतरी ओरडलं. भावसिंगनं हात खाली घेतला, पण मान काही वर केली नाही. बसंतीबाईलाही हसू फुटलं होतं, ते तिनं दाताखाली दाबलं.

"तुया नारळ गडावर जाईन," ती म्हणाली. "शब्द देतो. रामनवमीले, तुया देखत."

पण हसण्यानं धावजीचा पारा आणखी चढला. माणसाच्या दुखण्याची एवढी जाहिरात झाल्यावर त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. तो उठून उभा राहिला. "नसाबीचा निकाल ऐक. तांड्याले फसवलं त्याचा दंड एक बोकड. अन् यापुढं समुद्रावर पाय ठेवायचा नाही. ठेवला तं आनखी एक बोकड. मान्य?"

 बसंतीबाई वळली आणि चालू लागली. लोकांना वाटलं, चला, एकदाची जिरली. रुपीबाईनं सुस्कारा टाकला. प्रेमनं कपाळावरचा घाम पुसला.

घोटभर चहा व्हावा एवढ्या वेळात ती परत आली. एका हातात एक दोर, दुसऱ्या हातात दुसरा. मागं दोन बोकड. एक साधा करडा, आणि दुसरा तो चंद्र्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, ज्याला ती स्वतःच्या ताटातली भाकरी चारायची आणि ज्याला विकायचं नाव काढलं की भावसिंगचं जेवण बंद व्हायचं. तिनं दोन्ही दोर धावजीच्या बाजेच्या पायाला बांधले. चंद्र्या ओरडू लागला, तिच्या फेटियाला तोंड घासू लागला. तिनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं कोणापासून लपवले नाहीत.

"हा फसवल्याचा," ती म्हणाली. "अन् हा उद्याचा. उद्या सकाळच्या गाडीनं मी समुद्रावर चालली. आता खोटं बोलून नाही, तुमाले सांगून चालली. पुढल्या वर्षीचा बोकड बी पाळून ठेवतो. जवपर्यंत माये पाय चालतात तवपर्यंत दर साल तांड्याले मटन खाऊ घालतो, पन जाईन."

"कायले एवढा हट्ट, बसंती?" धावजीचा आवाज खाली आला होता. "एका पाखरासाठी?"

तिनं हात वर केला. बांगड्या खळखळल्या.

"तुमी इचारलं ना, कोनाचं मागनं राह्यलं? मायं राह्यलं. तुमच्या सगळ्यायचं मागितलं अन् सगळ्यात शेवटी मायं. तुमचं झालं, मायं नाही झालं. ते पाखरू मले पोटभर पाहायचं हाय. अर्धवट पाहून उठली होती मी. जनम गेला उठण्यात. कोनी हाक मारली की उठ, पाटी उचल. हाक मारली की उठ, भाकर टाक. आता नाही उठत."

 याला नसाबीचा कायदा असा कुठला लागू पडत नव्हता. लोक एकेक करून उठले. भावसिंग सगळ्यात आधी.

तो घरी बोलला नाही. जेवला, पाठ करून झोपला. सकाळी ती निघाली तेव्हा म्हशीचं दूध काढत होता, मान वर केली नाही. वर्षानं दशम्या बांधून दिल्या आणि थैली फाट्यापर्यंत आणून दिली. फाट्यावर बस यायची होती आणि बाभळीमागं कोणीतरी उभं होतं. रुपीबाई. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि नारळ काढला.

"गडावर रामनवमीले मायी मी जातोच," ती पुटपुटली. "पन हा तिकडंच दे. धाकट्या सुनेसाठी हाय. अन् नाव हळू घे, बाई. व्हिडिओत येऊ देऊ नको."

बसंतीबाईनं तो नारळ आपल्या नारळाशेजारी ठेवला आणि बसमध्ये चढली.

ओहोटीची दुपार. कोकिळानं लांबून जागा दाखवली आणि ती आपल्या टोपल्यांकडं निघून गेली. किनाऱ्यावर मोठ्या भिंगाचे कॅमेरे लावून बसलेला एकजण म्हणाला, "आजी, तुमचे आरसे चमकतात, पाखरं उडतील. ते कपडे बदलून या." बसंतीबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कपडे नाही बदलत," ती म्हणाली. "तुमी टकलावर रुमाल टाका, मी घोंगडी घेतो." आणि खरंच घोंगडी पांघरून ती वाळूवर अशी बसली की जणू तिथंच पेरली. तो माणूस काही वेळानं खिशातून रुमाल काढताना दिसला.

पाणी मागं सरत गेलं. चिखल उघडा पडला. आणि मग ती आली. आधी एक, मागून दुसरं, लांब पायांनी, सावकाश, स्वतःच्या अंगणात आल्यासारखी. पांढरी स्वच्छ. पाठीवर काळा पट्टा. बसंतीबाईनं दुर्बीण लावली, पण समुद्र नुसता वरखाली होऊ लागला. तिनं कोपर गुडघ्यावर टेकवलं. आता दिसलं. मागं ते पोर! राखी रंगाचं, आईएवढं, कुईकुई करत. आईनं खेकडा धरला, आपटला, नांग्या काढल्या. पोर तोंड वासून पुढं.

"प्रेम्या रे, मुडद्या," बसंतीबाई पुटपुटली आणि हसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसलं नाही. पुसायला दुर्बीण काढावी लागली असती.

कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. वाजला, थांबला, परत वाजला. पाखरांवरची नजर न काढता तिनं तो कानाला लावला.

"ओ," पलीकडून भावसिंग. नसाबीपासून गिळलेला पहिला शब्द. "त्या चंद्र्याले नायकानं कापलं नाही. आपल्या दारात आनून बांधून गेला. म्हने दर सालचा एकच बोकड चालते. त्याले भाकर खाऊ घालतो तं खात नाही, तुया हातचीच पाह्यजे म्हनते. तू कवा येतं?" मग हळूच, "काय पाहून राह्यली?"

तोच आवाज, तेच शब्द. फक्त आता त्यात पाटी नव्हती.

"तेच," ती म्हणाली. "तवा तू मले उठवलं होतं ना, तेच. आई पोराले चारून राह्यली. अजून मायं पाहनं झालं नाही. झालं की मीच फोन करतो."

"बरं," भावसिंग म्हणाला. "पाह्य."

तिनं मोबाइल बंद करून थैलीत नारळांच्या खाली सारला आणि दुर्बीण परत डोळ्याला लावली. आईनं दुसरा खेकडा धरला होता. पाणी चढू लागलं, वाळू ओली झाली, घोंगडीचं टोक भिजलं. कॅमेरेवाले सामान आवरून निघाले आणि त्यातल्या त्या टकल्यानं हाक मारली, आजी, भरती येतेय, उठा!

बसंतीबाई उठली नाही.